ठासणीच्या रायफलीचा पहिला संच

जग जिला ‘केंटकी रायफल’ म्हणतें तिचा जन्म केंटकींत झालेला नाहीं. अठराव्या शतकांत पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनीं ती घडविली. त्यांच्या मायदेशची ‘येगर’ रायफल आंखूड, जाड नळीची व मोठ्या गोळीची; रानांत आठवडेच्या आठवडे हिंडणाऱ्यास तितकें शिसें व तितकी दारू वाहून नेणें परवडेना. म्हणून नळी लांबत चाळीस इंचांपलीकडे गेली, गोळी बारीक झाली, आणि दस्त्यास लाटेदार रेषांचें मेपल लांकूड आलें.

ही रायफल सुट्या भागांवरून, मुलांना हाताशीं घेऊन घरींच जुळविण्याची हौस अमेरिकेंत आजहि आहे. (आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाहि परवाना लागतो, हें येथें सांगितलेलें बरें.) १९५४ सालीं टर्नर कर्कलंड यांनीं टेनेसींतील युनियन सिटींत या मालाची पेढी काढली, १९७० मध्यें थॉम्प्सन-सेंटर कंपनीनें सेंट लुईच्या हॉकेन बंधूंचें नांव दिलेली रायफल आणली, तिचें मूळ हॉकेनशीं साम्य मात्र बेताचेंच.

संच जुळविणें म्हणजे कारागिरीचें सोंग, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. जुने कारागीरहि चाप-घोड्याचा सांचा पुष्कळदां इंग्लंडांतून आलेला तयारच घेत, आणि पुढें नळ्याहि विकत मिळूं लागल्या. लांकडांत लोखंड केसाचीहि फट न ठेवतां बसविणें, ही त्यांची खरी विद्या. आणि ती संचांतहि शिल्लक राहते.

मग पहिला संच कोणता? आमच्या मतें अर्ध्या दस्त्याचा व टोपीचा. नळीच्या टोंकापर्यंत जाणारा दस्ता पुढें इतका पातळ असतो कीं मुलाच्या कानशीखालीं तो सहज मोडतो. गारेची रायफल अधिक देखणी व जुनी खरी, परंतु गार, पोलाद व कान्याचें भोंक यांचा मेळ जमला नाहीं तर ठिणगी पडूनहि बार उडत नाहीं, आणि मुलाचा हिरमोड होतो. नळीचें बूड कारखान्यांतच पक्कें बसविलेलें असावें. त्या कामांत हौसेला जागा नाहीं. दस्ता मुलाच्या हाताला लांब पडतो, तो प्रथमच मापून घ्यावा. दारू काळीच किंवा तिच्या जागीं मुद्दाम बनविलेली. धूररहित दारूनें नळी फुटते. शिशाची गोळी हाताळल्यावर हात धुवावेत.

कानस चालत असतां मूल विचारणारच, ही कोणावर रोखली जात असे? हरणांवर, असें सांगून वेळ मारून नेणारे बाप पुष्कळ. पण ॲपलेशियन पर्वत ओलांडून गोरे वसाहतवाले ज्यांच्या भूमींत शिरले त्या शॉनी व डेलावेअर लोकांवरहि ती रोखली गेली. आणि त्या लोकांनींहि तीच रायफल हातीं घेऊन उत्तर दिलें. हें उत्तर नळीला तपकिरी रंग चढवितांना द्यावें; त्या कामांत गंज पुनःपुन्हा चढवून घासावा लागतो, दिवसामागून दिवस जातात, आणि बोलायला वेळ भरपूर असतो.