फियाटची ठिणगी आणि बत्तीस ग

माझं शिक्षण दहावीपर्यंत. विजेचा धडा शाळेत होता, पण करंट म्हणजे काय हे मी शिकलो घोडबंदर रोडवर, पावसात, काकांच्या फियाटच्या बॉनेटखाली.

१९८६ चा ऑगस्ट. आमची नगरपालिका होऊन वर्षच झालं होतं. राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी ही तेव्हा गावंच होती. भात, मिठागर आणि खाडी, तिन्हींवर थोडं थोडं भागायचं. आमच्या वहिवाटीत दीड एकर खाजण होतं, कुळाचं. १ एप्रिल १९५७ हा कायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक झालं असं कायदा सांगतो, पण किंमत ठरायची ती कलम ३२ ग खाली, कचेरीत. आमचं प्रकरण कुठं कुठं अडकत एकोणतीस वर्षांनी निघालं. ठाण्याला तारीख लागली, सकाळी अकरा. त्यात एक मेख होती. कूळ हजर राहिलं नाही, तर त्याला जमीन घ्यायची नाही असं धरून खरेदी रद्दबातल करता येते. बाबांना वाचता येत नव्हतं, पण एवढं कलम तोंडपाठ होतं.

काका मुंबईत टॅक्सी चालवायचे. टॅक्सीतून निघालेली एक जुनी गाडी त्यांनी घेतली आणि काळा-पिवळा रंग खरवडून पांढरा मारला. तिचं कूळही सांगायला हवं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या जोडायला लागले. पन्नाशीच्या दशकातल्या ११०० ला लोक डुक्कर फियाट म्हणायचे, तिचं नाक बघितलं की कारण विचारावं लागत नसे. मग डिलाइट आली, प्रेसिडेंट आली, आणि १९७४ च्या सुमारास नाव पडलं पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. नाव बदललं तरी आमच्याकडे ती शेवटपर्यंत फियाटच. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, इंजिन १०८९ सीसीचं. मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली होती, पण ती बघायची गाडी, आमची चालवायची.

तर त्या दिवशी आठला निघालो. पुढं काका, बाजूला बाबा, मांडीवर कागद प्लास्टिकच्या पिशवीत. मागं मी. काशिमिरा मागं पडलं, घोडबंदर गेलं, गायमुखच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि गप्प. तेव्हा हा रस्ता म्हणजे जंगल. एका हाताला डोंगर, एका हाताला खाडी. आजची बिल्डिंगांची रांग डोळ्यापुढून काढून टाका, म्हणजे कळेल.

"काय झाला रं?" बाबांनी विचारलं. काका बोलले नाहीत. हॉर्न दाबला, वाजला. सेल्फ मारला, इंजिन जोरात फिरलं. म्हणजे बॅटरी धड. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर उपसून इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरली आणि मला म्हणाले, मार सेल्फ. ठिणगी नाही. "पलग काढायचा नाय आता," काका म्हणाले. "मधल्या वायरलाच करंट नाय, मग पलगाचा काय दोष?"

ही रचना मुळात अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची. शेतकऱ्याचा पोरगा, ओहायो राज्यातला. त्याची ही बॅटरीवरची पद्धत १९१० च्या कॅडिलॅकवर आली आणि पाऊणशे वर्षांनी गायमुखला आमच्यापुढं तीच होती. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉईलमधून जातात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटले की कॉईल भरते, उघडले की झटका बसतो आणि बाराचे पंधरा-वीस हजार व्होल्ट होऊन प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या. त्यातली एकही आमच्या वाट्याला येत नव्हती.

काकांनी कॅप उघडली, आत दमट. खाडीचा वारा तो, पत्राही खातो. धोतराच्या फडक्याने कॅप-रोटर पुसले, काही नाही. मग डिकीतून त्यांचा बल्ब काढला. बारा व्होल्टचा दिवा, त्याला दोन वायरी. एक बॉडीला, दुसरी कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला. पेटला. मग दुसऱ्या टोकाला, जिथून वायर पॉइंटकडे जाते. तिथंही पेटला. पॉइंट उघडे असताना पेटणं बरोबर. पण पॉइंट मिटले की करंट त्यांच्यातून बॉडीला जातो आणि दिवा विझायला पाहिजे. काकांनी पंखा हाताने फिरवून पॉइंट मिटवले. दिवा पेटलेलाच.

बाबा छत्री धरून उभे होते. म्हणाले, "उघाडीपासून बांधाबांधानं चालायचा. जिथवर पाणी गोडा, तिथवर बांध धड. भोक त्याच्या पुढं." खेकड्याचं बीळ शोधायची त्यांची ही रीत. काका हसले. कॉईलपर्यंत पाणी गोडं होतं.

काकांनी पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला. फिरवता फिरवता थांबले. पॉइंट आधीच चकचकीत होते.

ते मी केले होते. आदल्या संध्याकाळी, कोणाला न सांगता. काकांना बघून बघून मलाही वाटायला लागलं होतं की आपणही मेकॅनिक. पेपर मारला, आणि स्क्रू आवळताना पॉइंटची छोटी तार पकडीने पिळली. गाडी चालू झाली म्हणून मीच माझी पाठ थोपटली होती.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती तार हलवली आणि दिवा विझला. सोडली, पेटला. वरचं आवरण शाबूत, आतला तांब्याचा जीव तुटलेला. घरून निघेपर्यंत कसाबसा टेकून होता, खड्ड्यांनी सोडवला.

मागच्या नंबरप्लेटच्या दिव्याची वायर कापून काकांनी तिथं लावली. कडक तार चालत नाही, बारीक पदरांचीच पाहिजे, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने पुन्हा तुटते. पहिल्या सेल्फला गाडी उठली. तोवर पावणेअकरा. मधल्या वेळात एक एस.टी. आली होती, काका म्हणाले दादा तुम्ही व्हा पुढं. बाबा गेले नाहीत. "सही कुठं करायची ते कोण दाखवील?" एवढंच म्हणाले. सही मीच दाखवणार होतो.

कचेरीत पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आमच्या आधीचं प्रकरण लांबलं होतं म्हणून नाव पुकारायचं राहिलं होतं. बाबांनी अंगठा नाही, सही केली. चार अक्षरं, गिरवून शिकलेली.

काकांनी बाबांना तारेचं कधीच सांगितलं नाही. मीही नाही. बाबा १९९८ ला गेले, तोवर खाजणाच्या शेजारी भराव पडायला लागला होता. त्यानंतर दोनेक वर्षांत कुर्ल्याची पद्मिनी बंद झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा टीव्हीवर दाखवलं. काकांना ऐकू कमी येतं, त्यांनी नुसतं चित्र बघितलं. मग मला म्हणाले, "ती तार अजून डब्यात हाय रं."