दप्तराविना फेटाळलेली फौजदारी अपिले

अपील-न्यायालयासमोर साक्षीदार उभा राहत नाही. त्याचे अडखळणे वा उलटतपासणीतील त्याची तारांबळ, ह्यांपैकी काहीही वरच्या न्यायाधीशास दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ दप्तर. जबान्या, पंचनामे, दाखल झालेले कागद आणि निकालपत्र ह्यांतूनच त्याला खटला पुन्हा उभा करावा लागतो. असे असूनही दप्तर न मागविताच अपील निकालात काढण्याचा अधिकार भारतातील फौजदारी कायद्याने दीर्घकाळ मान्य केला होता, ही गोष्ट विधीच्या इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 421 वे कलम ह्या बाबतीत स्पष्ट होते. अपिलाचा अर्ज आणि निकालपत्राची नक्कल वाचून हस्तक्षेपास पुरेसे कारण नाही असे वाटल्यास न्यायालयाने अपील तेथेच फेटाळावे. त्यापूर्वी दप्तर मागविता येईल, परंतु ते मागविण्याचे बंधन नाही. म्हणजे ज्या निकालाविरुद्ध तक्रार आहे, त्याच निकालाच्या शब्दांवरून तक्रारीची पारख करावयाची! निकालपत्रात साक्षीचा जो भाग आलाच नाही, तो वगळला गेला हे केवळ निकालपत्र वाचून कळावे कसे, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. वकील देऊन अथवा स्वतः अपील दाखल करणारास निदान म्हणणे मांडण्याची संधी देणे आवश्यक होते. तुरुंगाधिकाऱ्यामार्फत 420 व्या कलमान्वये अर्ज धाडणाऱ्या कैद्यास मात्र तेवढेही संरक्षण नव्हते. बहुधा निर्धन, पुष्कळदा निरक्षर अशा ह्या माणसाचे अपील त्याच्या गैरहजेरीत आणि दप्तराच्याही गैरहजेरीत संपू शकत असे.

मुंबई उच्च न्यायालयातील प्रघात ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे कित्येक गंभीर प्रकरणांतील अपिले एकाच शब्दाच्या आदेशाने फेटाळली गेली. 1953 मध्ये मुश्ताक हुसेन विरुद्ध मुंबई राज्य ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वादक्षम मुद्दे असताना अपील असे संक्षेपाने फेटाळणे योग्य नव्हते, असे नमूद केले. तथापि प्रघात थांबला नाही. 1970 च्या सुमारास सिद्दण्णा अप्पाराव पाटील, गोविंदा कडतुजी कदम इत्यादी महाराष्ट्रातील प्रकरणांत तीच तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा आली. तेथील आक्षेपाचे मर्म असे की, कारणे न देता अपील फेटाळले म्हणजे उच्च न्यायालयाच्या मनात काय होते हे वरच्या न्यायालयास कळण्याचा मार्गच उरत नाही. खालच्या न्यायालयाचे दप्तर पाहिले नाही, आणि स्वतःचे दप्तरही एका शब्दापलीकडे निर्माण केले नाही. अशा रीतीने अपूर्णता एक पायरी वर चढली. कामाचा प्रचंड बोजा हे ह्या प्रघातामागील कारण असावे. तो बोजा खरा होता, पण त्याचा भार जन्मठेपेच्या कैद्याने का वाहावा, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

अपील एकदा सुनावणीसाठी दाखल करून घेतले की परिस्थिती पालटत असे. 423 व्या कलमाप्रमाणे दप्तर मागवून ते अवलोकणे प्राप्तच होते. 1971 च्या श्यामदेव पांडे प्रकरणात, वकील हजर नाही म्हणून आणि दप्तर न पाहता केलेला पाटणा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ह्याच कारणास्तव टिकू दिला नाही; 1996 च्या बनी सिंग प्रकरणात हेच तत्त्व दृढ झाले. 1973 च्या संहितेने तुरुंगातून आलेल्या अपिलांना सुनावणीची काही संधी दिली. मात्र ती निष्फळ वाटल्यास, किंवा कैद्यास हजर करणे फार गैरसोयीचे असल्यास, अपवाद ठेवला. संक्षेपाने फेटाळताना कारणे लिहिण्याची सक्ती तिने सत्र न्यायालयावर आणि मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यावर केली. उच्च न्यायालयावर नव्हे.

दप्तर मागविले आणि ते आलेच नाही, तर काय? 1889 मध्ये अलाहाबाद येथे खिमत सिंग प्रकरणात, दप्तर तपासणे अशक्य झाल्यास फेरचौकशी हाच मार्ग, असे मत व्यक्त झाले होते. त्याच न्यायालयाने पुढे दप्तर नाहीसे झाल्याच्या कारणाने खुनाच्या एका प्रकरणात आरोपींना मुक्त केले, तेव्हा 2004 च्या अभय राज सिंग निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: पोलीस, वकील आणि पक्षकार ह्यांच्याकडील कागदांवरून दप्तर पुन्हा जुळवावे, ते अशक्य असल्यास फेरचौकशीचा विचार व्हावा. ही योजना कागदावर निर्दोष दिसते. परंतु दप्तर हरविणारा आरोपी क्वचितच असतो. फेरचौकशीचे वनवास मात्र त्याच्याच वाट्याला येतात, आणि साक्षीदार तोवर मृत झालेले असतात. 2023 मध्ये एका रेल्वे अधिकाऱ्याच्या लाचप्रकरणी हीच अडचण उपस्थित झाली. घटना 1995 ची, दप्तर बेपत्ता, आणि तरीही उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केलेली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दप्तर न पाहता अपील फेटाळणे हे संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविले, आणि इतक्या वर्षांनंतर फेरचौकशीचा आदेशही दिला नाही.