सुई नेमकी कुठे?

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी लागली की बायका दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. हंगाम सरता सरता कंबर धरते आणि पुष्कळदा दवाखान्यात मागणी होते, ‘सुई लावून द्या.’ दंडात किंवा कुल्ल्यात टोचलेले औषध रक्तातून अंगभर जाते. दुखऱ्या सांध्यातच औषध सोडणारी सुई वेगळी. हा फरक कळायला वैद्यकाला बराच काळ लागला.

१८५३ च्या सुमारास एडिंबरोचे डॉ. अलेक्झांडर वुड पोकळ सुईने दुखऱ्या जागीच मॉर्फिन टोचू लागले. औषध तिथल्या तिथे काम करते, असे त्यांना वाटे. लंडनच्या चार्ल्स हंटर यांनी ते दुसऱ्याच जागी टोचून पाहिले, तरी वेदना थांबली! म्हणजे मॉर्फिन रक्तातून पोहोचत होते. जागच्या जागी बधिर करणारे औषध मिळाले ते १८८४ मध्ये. कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. पुढे १९०१ मध्ये पॅरिसला सिकार आणि कातलँ यांनी, स्वतंत्रपणे, त्रिकास्थीच्या टोकाकडील छिद्रातून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत कोकेन सोडले. अशा इंजेक्शनांची ही सुरुवात.

पण दुखणे असते कुठे? आपल्या कमरेखाली पाठीवर दोन खळगे असतात. त्यांच्या आसपास आत त्रिकास्थी आणि कटिराचे हाड यांचा सांधा आहे. तो जेमतेम हलतो. १९०५ मध्ये बॉस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी कंबरदुखीचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील सरकलेल्या चकतीकडे लक्ष वेधले आणि हा सांधा मागे पडला. दरम्यान सूज उतरवणारे औषध सापडले. हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले, ते कॉर्टिसोनसारख्या संप्रेरकांवरील कामाबद्दल. १९५१ मध्ये हॉलंडर यांनी त्याच कुळातले हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचल्याचे निष्कर्ष मांडले.

सांधा दुखतो की नाही, हे साध्या क्ष-किरण चित्रावरून ठरत नाही. म्हणून १९९० च्या दशकात सुईच परीक्षक झाली. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सांध्यात बधिर करणारे औषध सोडायचे. दुखणे थोड्या वेळात बरेच ओसरले, तर संशय त्या सांध्यावर. खात्रीसाठी पुन्हा एकदा, कमी-अधिक वेळ टिकणारे दुसरे औषध वापरून पाहायचे.

उपचाराला मात्र मर्यादा आहेत. स्टेरॉइडचा आराम सर्वांना मिळत नाही. मिळालाच तर बहुधा काही आठवडे वा महिने टिकतो. रोवणीचे वाकणे सुटत नाही, ते नाहीच सुटत. शिवाय औषध निर्जंतुक हवे. २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशी शिरलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी साठाहून अधिक माणसे दगावली.

म्हणून मुलांना सांगूया, घरी कोणी सुई घेणार असेल तर विचारा : औषध कोणते, ते जाणार कुठे आणि कशासाठी? पण कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सुईची वाट न पाहता लगेच मोठे रुग्णालय गाठावे.