मनी आणि मनी

इतिहासाच्या पुस्तकांना वास नसतो, ही माझी त्यांच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. त्यांत सनावळ्या असतात, लढाया असतात, तह असतात आणि तहांची कलमेही असतात. पण त्या काळी एखाद्याच्या घरात पाऊल टाकले की नाकाला काय जाणवत असे, हे कोणी सांगत नाही. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे आम्ही दहा गुणांसाठी घोकली. पण त्याच साम्राज्यात सार्वजनिक मुताऱ्यांतले मूत गोळा करून विकले जाई आणि त्या धंद्यावर बादशहाने रीतसर कर बसवला होता, ही गोष्ट मास्तरांनी आमच्यापासून शेवटपर्यंत लपवून ठेवली. ती सांगितली असती तर इतिहासात मला चार गुण तरी जास्त पडले असते.

मी पडलो बी. कॉम. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच संपला आणि पुढचे आयुष्य नावे आणि जमा या दोन बाजूंच्या मधल्या रेघेवरून चालत गेले. इतिहास पुन्हा घरात शिरला तो मनीच्या पावलांनी. मनी म्हणजे आमची मांजर. वय वर्षे नऊ, रंग करडा, स्वभाव शाखाधिकाऱ्याचा. आठ वर्षे तिने मोरीजवळचे वाळूचे घमेले इमानेइतबारे वापरले. नवव्या वर्षी मात्र तिने एकाएकी आईच्या गादीवर, कपाटामागच्या कोपऱ्यात आणि एकदा माझ्या प्राप्तिकराच्या कागदांवर आपला शेरा मारला.

घरात उपायांची सभा भरली. आमच्या हिने कापूर सुचवला. शेजारच्या काकू फिनेलची बाटली घेऊनच आल्या. चिरंजीवांनी स्वतःच्या अंगावरचे अत्तर गादीवर फवारले. त्यामुळे मांजराचा वास गेला नाही, फक्त ते लग्नाला निघाल्यासारखे वाटू लागले. आईचा उपाय सगळ्यांत सुटसुटीत होता.

"अरे, पोत्यात घाल आणि नदीपलीकडे सोडून ये. आमच्या लहानपणी असंच करत."

मी रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. बँकेतल्या माणसाला मुदत मिळाली की तो कागदपत्रे गोळा करू लागतो. मी ग्रंथालयात जाऊन बसलो.

पहिला शोध भाषेचा लागला. ही वस्तू एकच, पण तिचे नाव मालक पाहून ठरते. गाईचे असले की ते मूत्र. डॉक्टरांकडे बाटलीत नेले की लघवी. नातवाने मांडीवर केली की शू, आणि तीही कौतुकाची. मांजराच्या वेळी मात्र भाषा एकदम घसरते.

दुसरा शोध रोमचा. नीरो गेला, मागोमाग यादवी झाली आणि इ. स. ६९ मध्ये व्हेस्पासियन गादीवर बसला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्याने नव्यानव्या करांचा सपाटा लावला, त्यांत हा मूत्रकर. आता हे विकत कोण घेत असेल? तर धोबी. मूत शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया कपड्यावरचा तेलकट मळ सोडवतो. धोब्यांच्या कारखान्यांतले कामगार हौदात उभे राहून पायांनी कपडे तुडवत. सिनेटमध्ये शुभ्र टोगा सावरत नीतीवर भाषणे करणाऱ्या थोर पुरुषांच्या शुभ्रतेचा उगम हा असा होता.

व्हेस्पासियनचा मुलगा टायटस याला ही कमाई पसंत पडेना. त्याने नाक मुरडले. बापाने त्या करातून आलेले नाणे त्याच्या नाकाशी धरले आणि विचारले, वास येतो का? पोरगा म्हणाला, नाही. बाप म्हणाला, तरीही ते त्यातूनच आले आहे. पैशाला वास नसतो, ही युरोपातली म्हण या प्रसंगावरून पडली.

मी काउंटरवर बसणारा माणूस आहे आणि अनुभवाने सांगतो, ही म्हण साफ खोटी आहे. मासळीबाजारातला भरणा डोळे मिटूनही ओळखता येतो. बरे, इतिहासानेही व्हेस्पासियनवर सूड उगवलाच. कलोसियमसारखी प्रचंड वास्तू त्याने बांधायला घेतली. पण पुढे फ्रेंच आणि इटालियन माणसांनी त्याचे नाव दिले ते रस्त्यावरच्या मुताऱ्यांना.

त्या धोब्यांकडे आणखी एक वस्तू असे. कपड्यातली चरबी शोषून घेणारी एक माती. इंग्रज तिला धोब्यांची माती म्हणतात. आपण म्हणतो मुलतानी माती. तीच, जी आमच्या हिच्या चेहऱ्यावर वाळत असताना घरात अर्धा तास शांतता नांदते.

या मातीचे भाग्य उजळले ते १९४७ साली. आपल्याकडे त्या वर्षी केवढी उलथापालथ चालली होती! अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस या गावी मात्र जानेवारीच्या थंडीत एका बाईंपुढे निराळाच प्रश्न होता. त्यांच्या मांजराच्या वाळूचा ढीग गोठून दगड झाला होता. त्यांनी राख वापरून पाहिली, तर मांजराने घरभर काळ्या पावलांची रांगोळी काढली. बाई वाळू मागायला शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे गेल्या. त्यांचा कौटुंबिक धंदा कारखान्यांना भुसा आणि तेल शोषणारी माती पुरवण्याचा. त्यांनी बाईंना ती भाजलेल्या मातीची पिशवी दिली. थोड्याच दिवसांत बाई परत आल्या आणि म्हणाल्या, आता हीच हवी.

लो यांनी पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर हाताने 'किटी लिटर' असे लिहिले आणि दुकानदाराकडे नेल्या. भाव, पिशवीला पासष्ट सेंट. दुकानदार म्हणाला, वाळू मातीमोल मिळत असताना मातीला पासष्ट सेंट कोण देईल? लो म्हणाले, मग फुकट वाटा. गिऱ्हाइकांनी ती फुकट नेली आणि नंतर पैसे मोजून नेऊ लागली. १९९० साली लो यांनी हा धंदा विकला तो सुमारे वीस कोटी डॉलरना. असा प्रस्ताव घेऊन कोणी आमच्या कर्ज विभागात आला असता, तर 'तारण काय?' या प्रश्नाला 'माती' हे उत्तर ऐकून आम्ही त्याला चहासुद्धा पाजला नसता.

पण माती वास धरून ठेवते. गादीतून तो काढून देत नाही. त्यासाठी रसायनशास्त्रात शिरणे भाग होते. तिथेही पाहतो तर पैशाचाच मोह. १६६९ साली हँबुर्गच्या हेनिग ब्रांट याने सोने काढायचे म्हणून पिंपेच्या पिंपे मूत आटवले. सोने निघाले नाही. अंधारात चमकणारा फॉस्फरस निघाला. त्याच्या घरच्यांनी काय सोसले असेल, याविषयी इतिहास नेहमीप्रमाणे मुका आहे. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि आपल्या गुरूंना कळवले की, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाची मदत न घेता मला युरिया करता येतो. आणि १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर या एकहाती प्राध्यापकाने, म्हणजे अक्षरशः एका हाताच्या, शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, युरियाचा अमोनिया करणाऱ्या विकराचे स्फटिक वेगळे काढले. विकर म्हणजे एन्झाइम. वीस वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तात्पर्य असे की, ताज्या मुताला वास बेताचाच असतो. जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा खरी दरवळ सुटते. मांजराच्या बाबतीत त्यावर व्याजही चढते. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते, बोक्यांत तर फारच. ते हळूहळू फुटते. म्हणून सोमवारी पुसलेली जागा गुरुवारी बोलू लागते.

यावर इलाज निघाला तो चामड्याच्या धंद्यातून. कातडी मऊ करायला चांभारवाड्यांत कुत्र्याची विष्ठा वापरत. ओटो र्‍योम या जर्मन रसायनज्ञाने तिच्याऐवजी जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरे वापरून दाखवली आणि १९१३ साली तीच कपडे धुण्याच्या पावडरीत घालण्याचे पेटंट घेतले. आज मांजरांच्या डागांसाठी विकरांचे जे द्रावण मिळते, त्याचा खापरपणजोबा हा. ओले असेल तर आधी फडक्याने दाबून टिपावे, घासू नये. पाण्याने धुऊन ते द्रावण मुरवावे आणि वाट पाहावी. अमोनिया असलेले औषध वापरू नये. मांजराला ते आपल्याच जागेचे आमंत्रण वाटते. ब्लीचिंगचे पाणी अमोनियात मिसळले तर विषारी वायू निघतो. आणि काकूंचे फिनेल मी तसेच परत केले. फिनॉलसारखी द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. ते पंजाला लागते, पंजा चाटला जातो, आणि वासाबरोबर मांजरही जाते.

डाग शोधायला मात्र बँकच कामी आली. खऱ्याखोट्या नोटा पारखायला आमच्याकडे जो अतिनील दिवा असतो, तसल्याच दिव्याखाली मुताचा डाग पिवळसर हिरवा चमकतो. मी तसली एक लहान बॅटरी विकत आणली, रात्री दिवे मालवले आणि कपाटामागे उजेड टाकला. तिथे एक मोठे थारोळे दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसले ते थेंब. रुपयाएवढे, आठाण्याएवढे, ओळीने.

आणि इथे मला इतिहासाचा तिसरा धडा आठवला. व्हेस्पासियनने मुतात पैसा पाहिला, ब्रांटने सोने पाहिले; पण वैद्यांनी त्यात माणूस पाहिला. आपल्या जुन्या वैद्यांनी ते मधासारखे गोड होते, त्याला मुंग्या लागतात, हे पाहून रोगाला मधुमेह हे नाव दिले. युरोपातल्या जुन्या चित्रांत वैद्य ओळखायची खूण म्हणजे उजेडात धरलेली मूत्राची कुपी. पुसण्याआधी वाचायचे, हा त्यांचा नियम. आठ वर्षे घमेले न चुकवणारे जनावर थेंबथेंब करत घरभर फिरते, ते काही सूड म्हणून नव्हे.

शनिवारी मनीला पिशवीतून नेले, पण नदीपलीकडे नव्हे. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे पोट चाचपले, तपासण्या केल्या आणि सांगितले, मूत्राशयात खडे आहेत. घमेल्यात बसले की दुखते, म्हणून ते बिचारे घमेल्यालाच दोष देते आणि मऊ जागा शोधते. बोका असता आणि लघवी अडली असती तर एका दिवसाचाही उशीर जिवावर बेतला असता. औषध, पथ्याचे खाणे, भरपूर पाणी, आणि घमेली एकाऐवजी दोन.

घरी येऊन मी हे सगळे आईला सांगितले. ती गादीच्या कडेला बसून ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"मलाही रात्री तीनदा उठावं लागतं. मला नाही रे कुणी नदीपलीकडे सोडलं."

दुसरे घमेले तिने स्वतःच्या खाटेखाली ठेवून घेतले. मनीला रात्री लांब जावे लागू नये, म्हणून.

डॉक्टरांचे बिल भरभक्कम होते. त्या महिन्याच्या घरखर्चाच्या वहीत मी जमाखर्चाच्या नियमाला धरून एकच ओळ लिहिली: मनी नावे, मनी जमा.