विहिरींतील कंदील आणि पाणबुड्याचा श्वास

आमच्या वटार गांवच्या वाड्यांतून अजून जुन्या विहिरी आणि बावखलें आढळतात. पूर्वीं उन्हाळ्यांत विहीर उपसून तिचा गाळ काढावयाचा झाला, कीं जाणतीं माणसें दोरीला कंदील बांधून तो आधीं तळाशीं सोडीत. कंदील विझला तर कोणीहि खालीं उतरावयाचें नाहीं, असा दंडक होता. त्यामागचें रसायनशास्त्र त्यांस अवगत नव्हतें. परंतु ज्योत मनुष्याच्या आधीं विझते, एवढें त्यांस पक्कें ठाऊक होतें. हवेंतील प्राणवायु शेंकडा २१ वरून सुमारें १६ वर आला म्हणजे ज्योत मालवते; मनुष्य मात्र त्यानंतरहि कांहीं काळ शुद्धीवर असतो. या थोड्याशा अंतरांतच त्याचा जीव वांचण्याची संधि असते.

या कंदिलाची आठवण होण्यास एक निमित्त घडलें. माझा एक माजी विद्यार्थी, गांवांतलाच मुलगा, समुद्रांत बुडी मारण्याची विद्या शिकला असून आतां तिच्यांतील वरच्या पायरीचें शिक्षण घेऊं इच्छितो. त्याची आई एके संध्याकाळीं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तो तुमचें ऐकतो. आपलाच सोडलेला श्वास पुन्हां घ्यावयाचें कसलेंसें यंत्र पाठीवर बांधून खोल जाणार म्हणतो. जाऊं देऊं कीं नको?" मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रांचा जाणकार नव्हे. म्हणून मला ठाऊक असलेल्या वाटेनेंच मीं या प्रश्नाकडे जाण्याचें ठरविलें.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. सामान्य पाणबुड्या टांकींतली हवा आंत ओढतो आणि उच्छ्वास पाण्यांत सोडून देतो. त्या उच्छ्वासांत प्राणवायु अजून शेंकडा १६-१७ शिल्लक असतो. म्हणजे घेतलेल्या श्वासाचा फार थोडा भाग उपयोगी पडतो. शिवाय पाण्यांत दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढत असल्यामुळें ४० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासास पृष्ठभागावरील श्वासाच्या पांचपट हवा खर्चीं पडते. शरीरास लागणारा प्राणवायु मात्र खोलीबरोबर वाढत नाहीं. तेव्हां उच्छ्वास वायां न घालवितां त्यांतील कर्बाम्लवायु एखाद्या क्षारांत शोषून घ्यावा, खर्च झालेला प्राणवायु तेवढा भरून काढावा, आणि तोच श्वास पुन्हां घ्यावा, ही कल्पना मनुष्यास सुचणें स्वाभाविक होतें. अशा यंत्रास इंग्रजींत 'रीब्रीदर' म्हणतात; आपण त्यास पुनःश्वसनयंत्र म्हणूं.

व्यवहारांत उतरलेलें असें पहिलें यंत्र हेन्री फ्लूस या इंग्रज गृहस्थानें १८७८ च्या सुमारास तयार केलें. त्याची परीक्षा लौकरच झाली. इंग्लंड व वेल्स यांच्यामध्यें सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणीत असतां १८७९ च्या ऑक्टोबरांत आंत पाणी फुटलें. तें उपसण्यापूर्वीं बोगद्यांतील एक लोखंडी दार बंद करणें अवश्य होतें. वरून नळीनें हवा घेणारा पाणबुड्या लॅम्बर्ट याला त्या लांबच लांब नळीचें ओझेंच पुढें जाऊं देईना. अखेर १८८० च्या नोव्हेंबरांत तो फ्लूसचें यंत्र पाठीस बांधून किर्र काळोखांत सुमारें हजार फूट आंत गेला आणि दार लावून परतला. शेजारची झडपहि त्यानें फिरविली. पुढें पाणी उपसल्यावर उघडकीस आलें, कीं त्या झडपेचे आटे उलट्या बाजूचे होते. ती आधींच बंद होती, आणि लॅम्बर्टनें ती उघडली होती! त्याच्या धैर्यांत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें ज्या वस्तूस हात लावावयाचा तिच्या पूर्वज्ञानांत.

असेंच अज्ञान त्या काळीं खुद्द प्राणवायूविषयींहि होतें. फ्लूसच्या यंत्रांत केवळ प्राणवायु असे, आणि ज्यावर जीव जगतो तो वायु घातक कसा होईल, अशी साहजिक समजूत होती. परंतु त्याच १८७८ सालीं पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं दाबाखालचा प्राणवायु विषासारखा काम करतो आणि प्राण्यास अपस्मारासारखे झटके आणतो. पाण्याखालीं असा झटका आला म्हणजे तोंडांतील नळी सुटते, आणि मग मृत्यूस फार वेळ लागत नाहीं.

पुढें १ जून १९३९ रोजीं लिव्हरपूलच्या उपसागरांत 'थेटिस' ही नवी ब्रिटिश पाणबुडी चांचणीच्या वेळींच बुडाली. प्राणवायूचें सुटकेचें साधन वापरून चौघे बाहेर आले. ९९ जण आंतच मेले. कामगार संघटनेच्या वतीनें या मृत्यूंचा शोध घेण्याचें काम जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे आलें. त्यांच्या वडिलांनीं १९०८ मध्यें पाणबुड्यांनीं टप्प्याटप्प्यानें वर येण्याचें शास्त्र प्रसिद्ध केलें होतें. धाकटे हाल्डेन सहकाऱ्यांसह हवाबंद कोठींत कित्येक तास बसले आणि सांचत जाणारा कर्बाम्लवायु मनुष्याची बुद्धि व हातपाय कसे निकामी करतो हें त्यांनीं स्वतःच्या देहावर अनुभवलें. पुढील प्रयोगांत दाबाखालच्या प्राणवायूनें आलेल्या झटक्यांत त्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली. हेच हाल्डेन १९५७ मध्यें हिंदुस्थानांत आले, येथील नागरिक झाले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजीं भुवनेश्वर येथें निवर्तले.

दुसऱ्या महायुद्धांत या यंत्राची शक्ति आणि त्याचा धोका दोन्ही जगास दिसलीं. बुडबुडे उमटत नसल्यामुळें तें गुप्त हल्ल्यास सोयीचें. १९४१ च्या डिसेंबरांत सहा इटालियन पाणबुड्यांनीं अलेक्झांड्रिया बंदरांत शिरून 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. दुसरीकडे ब्रिटिश नौदलाकरितां केनेथ डोनाल्ड यांनीं १९४२ पासून अनेक स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यांत दिसून आलें, कीं एकच मनुष्य जो दाब एके दिवशीं बराच वेळ सोसतो, तोच दुसऱ्या दिवशीं त्याला लौकर झटका आणतो. म्हणजे "मला कालपर्यंत कांहीं झालें नाहीं" हा युक्तिवाद येथें पूर्णपणें निरुपयोगी आहे.

याहून सूक्ष्म धोका निराळाच आहे. आपणांस गुदमरल्याची जी जाणीव होते ती मुख्यतः कर्बाम्लवायु वाढल्यामुळें. प्राणवायु घटल्यामुळें नव्हे. पुनःश्वसनयंत्र कर्बाम्लवायु शोषून घेतें, आणि त्याबरोबर शरीराची ही उपजत घंटाहि काढून घेतें. प्राणवायूचा पुरवठा बंद पडला तर पाणबुड्यास कसलाच त्रास होत नाहीं. तो शांतपणें बेशुद्ध होतो. पाण्याखालीं कंदील न्यावयाचा तरी कसा?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विजेवर चालणाऱ्या प्राणवायुमापकांनीं हा कंदील पुरविला. आजच्या यंत्रांत बहुधा असे तीन मापक असतात. एक बिघडला तर उरलेल्या दोहोंवरून तें कळावें, हा हेतु. खोलीवरील नत्रवायूची धुंदी टाळण्यासाठीं मिश्रणांत हेलियम घालतात. तरीहि मापक जुने होतात, क्षार ओला होतो, आणि मनुष्य घाई करतो. म्हणूनच या विद्येचें शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनीं, साधारणतः ४०, ६० आणि १०० मीटर असें देण्याची रीत पडली आहे. त्यांतील बराच भाग पोहण्याचा नसून सवयीचा आहे: यंत्र जोडतांना यादीवरील प्रत्येक बाब तपासणें, पाण्यांत उतरण्यापूर्वीं कांहीं मिनिटें त्यांतून श्वास घेऊन पाहणें, मापकाकडे वारंवार दृष्टि टाकणें, आणि शंका येतांच फेरा सोडून जवळच्या राखीव टांकीवरून श्वास घेत वर येणें.

ही सर्व दूरदेशींची गोष्ट आहे असें वाचकांनीं समजूं नये. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं मुंबईच्या नौदल गोदींत 'सिंधुरक्षक' पाणबुडी स्फोट होऊन बुडाली आणि आंतील १८ जण प्राणांस मुकले. त्या गढूळ पाण्यांत, वांकलेल्या लोखंडांतून वाट काढीत पाणबुड्यांना त्यांचा शोध घ्यावा लागला. असें काम करणारीं माणसें समाजाला हवीं असतात, आणि तीं कोणाचीं तरी मुलें असतात.

मीं त्या माउलीस हें सर्व जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलें. धोका नाहीं, असें म्हणणें खोटें झालें असतें. जाऊं देऊं नका, असें म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. मीं इतकेंच सुचविलें, कीं मुलास एक प्रश्न विचारावा: महिनाभर तयारी करून, पैसे खर्चून, सोबती पाण्यांत उतरलेले असतांना, यादींतील एक बाब चुकली म्हणून तूं कांठावरून परत येशील काय?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझे सासरे अर्धी विहीर उपसून झाल्यावर कंदील विझला म्हणून गड्यांस घरीं पाठवीत. मजुरी मात्र पुरी देत." एवढें बोलून ती उठली. प्रश्नाचें मर्म तिला माझ्यापेक्षां अधिक समजलें होतें, यांत मला शंका नाहीं.