हॉवर्डबाईंच्या उघड्या खिडक्या

१९३८ साली ग्वेंडोलेन हॉवर्ड या वादक बाई लंडन सोडून इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या डिचलिंग गावी राहायला गेल्या. लोक त्यांना लेन हॉवर्ड म्हणून ओळखतात, आणि त्यांच्या घराला ‘बर्ड कॉटेज’.

बागेत पक्ष्यांसाठी खाणं ठेवणं इंग्रजांना नवं नव्हतं. हॉवर्डबाईंनी त्यापुढे जाऊन घराच्या खिडक्याच उघड्या ठेवल्या. पक्षी आत आले, हातावर बसून खाऊ लागले, रात्री खोलीतच झोपू लागले. त्यांत सगळ्यांत धीट होते ते ग्रेट टिट. काळं डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट आणि त्यावर मधोमध काळा पट्टा असलेला हा चिमणीएवढा पक्षी.

पण सगळेच पिवळ्या पोटाचे असतील, तर त्यातला एक ओळखायचा कसा? डेव्हिड लॅक यांनी त्याच दशकात डार्टिंग्टनच्या रॉबिन पक्ष्यांना पायात रंगीत कड्या घालून त्यांचा अभ्यास केला होता. पद्धत चोख, पण त्यासाठी पक्षी आधी पकडावा लागतो. हॉवर्डबाईंनी कड्या वापरल्या नाहीत. चेहऱ्यावरच्या खुणा, बसण्याची ढब आणि खोडी यांवरून त्या एकेकाला ओळखत आणि नावं देत. त्यांतली ‘स्टार’ नावाची मादी तर त्यांनी जितके ठोके वाजवले तितके चोचीने परत वाजवायची, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

१९५२ मध्ये त्यांचं ‘बर्ड्‌स ॲज इंडिव्हिज्युअल्स’ हे पुस्तक आलं. प्रस्तावना जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांची, फोटो एरिक हॉस्किंग यांचे. घुबडाचे फोटो काढायला गेलेल्या या हॉस्किंगचा एक डोळा १९३७ मध्ये घुबडाच्याच हल्ल्यात गेला होता. पक्ष्यांचा फोटोग्राफर एरवी आडोशाला लपून बसतो. बर्ड कॉटेजमधल्या पक्ष्यांना मात्र माणसाची सवय आधीच झालेली होती. फोटोच्या मागे कित्येक वर्षांचा विश्वास जमा होता.

पुस्तक खपलं, पण शास्त्रज्ञांच्या जगात बाईंना फारसं स्थान मिळालं नाही. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, शिवाय पक्ष्यांवर माणसाच्या भावना लादल्याचा आरोप. तो अगदीच खोटा नव्हता. बाईंचं म्हणणं असं, की भेदरलेल्या पक्ष्याचं खरं वागणं तुम्हाला दिसणारच कसं?

१९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ग्रेट टिटवरचाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी खोलीत सोडल्यावर काही पक्षी झपाट्याने सगळीकडे फिरले, काहींनी वेळ घेतला, आणि ज्याची त्याची ही तऱ्हा टिकून राहिली. पुढे तिचा काही भाग आनुवंशिक असल्याचंही दिसलं. आज शोधनिबंधांत याला सरळ ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात. बाईंचं प्रत्येक विधान यातून सिद्ध होत नाही. पण ‘एकासारखा दुसरा पक्षी नसतो’ हे त्यांचं मुख्य म्हणणं खरं ठरलं. ते ऐकायला त्या नव्हत्या. १९७३ मध्येच त्या गेल्या होत्या.

आज गॅलरीत दाणे ठेवले, फोन रोखला, की दहा मिनिटांत पन्नास फोटो मिळतात आणि ॲप पक्ष्याची जातही सांगतं. पण कालचा पक्षी तो हाच का, हे ॲप सांगत नाही. ते कळायला रोज बघावं लागतं.