तंजावरची छत्रे

२५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहाने तंजावरच्या मराठी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. कावेरीकाठचा भातशेतीचा समृद्ध मुलूख, त्याचा वसूल आणि न्यायनिवाडा हे सारे कंपनीचे झाले. सरफोजी राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला व त्याभोवतीचा थोडासा परिसर. दरसाल एक लाख पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढी त्यांची नेमणूक ठरली. व्यंकोजींनी सतराव्या शतकात स्थापिलेले राज्य आता एखाद्या नगराच्या कारभाराएवढे राहिले.

सरफोजींचे नाव निघाले की सरस्वती महालातील ग्रंथसंग्रहाची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या राजाचे मन कशात गुंतले होते, हे जाणून घ्यावयाचे तर त्यांनी १८०१ साली रेसिडेंट टॉरिन यास लिहिलेले पत्र पाहावे. रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे आपण ज्यांना अन्नछत्रे व धर्मशाळा म्हणतो ती, आपल्या हातून काढून घेऊ नयेत, अशी त्यात विनंती आहे. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस अन्न मिळे. शिजविलेला भात ज्यास चालत नसे त्यास कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असे पुकारले जाई. आजाऱ्यांना औषध, अनाथ मुलांचा सांभाळ, बाळंतिणीची काळजी, मुलांस शिक्षक. वाटेतच कोणी मरण पावला तर त्याचे अंत्यसंस्कारही छत्राकडूनच होत. पाश्चात्त्य देशांत अशी कामे पुढे नगरपालिकांच्या यादीत आली. येथे ती राजधर्म म्हणून होत होती, आणि त्यांचा हिशोब मोडी लिपीत मराठी कारकून लिहीत होते. तमिळ मुलखातील तांदळाचा जमाखर्च मराठीत मांडला जावा, हे त्या राज्याचे एक आगळेपण.

विनंती वाया गेली नाही. छत्रे राजांकडेच राहिली. एवढेच नव्हे, तर पुढच्याच वर्षी, १८०२ साली, ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. सत्ता गेलेल्या राजाने राज्य गेल्यानंतर बांधलेले हे छत्र! त्याची दगडी वास्तू अजून उभी आहे.

१८३२ साली सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि कंपनीने गादी खालसा केली. १८६६ साली तंजावरास नगरपालिका आली. छत्रांचे मोडी कागद आता संशोधकांच्या हाती आहेत.